दुधावर बांधलेली घरे

एप्रिलातली सकाळ होती. रेन चुलीपुढे बसून कुट्टूच्या पिठाची जाड धिरडी घालत होती. तव्यावरून डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवायचा, पीठ ओतायचे, कड सुटली की उलटायचे. तिचे हात आपोआप चालले होते. कोपऱ्यात पाळण्याशेजारी तिची सून एदमे तान्ह्या सोलांजला पाजत बसली होती. पोर चांगली बाळसेदार होती. पिताना तिच्या घशातून गटगट आवाज यायचा, मग ती दमून थांबायची, आणि आजीला हसू फुटायचे. रेनचा मुलगा लाझार अंगणात बैलांचे जू दुरुस्त करीत होता. मे उजाडला की तो बैलगाडी घेऊन सपाटीच्या प्रांतात भाड्याने जायचा, तो थेट हिवाळ्याच्या तोंडावर परतायचा. मोर्वांच्या त्या डोंगरातले बहुतेक पुरुष असेच जात. बायका जात त्या वेगळ्या कामाला.

कुत्रे भुंकले. फाटकापाशी घोडागाडी थांबल्याचा आवाज आला. रेनने मान वळवून पाहिले, तर एदमेने पोरीला छातीशी घट्ट आवळून धरले होते.

दारात ओदिल उभी होती. गावात तिला नावाने हाक मारणारे थोडे. सगळे तिला ‘नेणारी’ म्हणत. कुठल्या घरात बाळंतीण आहे, तिला दूध किती आहे, घरावर छप्पर कसले आहे, हे सगळे तिला पाद्र्याच्या आधी कळे. अशा बायका गाडीत घालून पॅरिसला न्यायच्या आणि तिथल्या श्रीमंतांच्या मुलांना अंगावर पाजायला ठेवायच्या, हा तिचा धंदा.

“वा, धिरडी! मी बरोब्बर वेळेवर आले की नाही?” ओदिल बाकावर टेकत म्हणाली.

“तुझी वेळ कधी चुकलीय?” रेनने तिच्यापुढे ताटली सरकवली.

खाणे झाले, हात पुसून झाले. मग ओदिल उठली आणि एदमेच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आधी तिने दात दाखवायला सांगितले. मग चोळी सोडायला लावली. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब घेऊन तिने नख तिरके केले. थेंब ओघळला नाही.

“झकास! साय आहे नुसती.”

“गाय बघतात तशी बघू नका, मावशी,” एदमे भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

“अगं, गाईला कोणी रेशमी झगा घालून मटण खायला घालतं का? तुला घालतील. मोन्सो बागेजवळचं घर आहे. रेशमाचे मोठे व्यापारी. पहिलाच मुलगा.”

“माझीही पहिलीच आहे. दीड महिन्याची नाही झाली अजून. कायद्यानं मूल सात महिन्यांचं झाल्याशिवाय आईला नेता येत नाही.”

“कायदा पॅरिसात झाला, मेयरसाहेब इथं राहतात,” ओदिल हसली. “ते माझ्याकडे लागलं.”

लाझार आत आला होता. तो दाराशी जू हातात घेऊन उभा राहिला. बायकोकडे न बघता आढ्याकडे बघत म्हणाला, “सगळ्या वाडीत गवताचं छप्पर आपलंच उरलंय. मागल्याच महिन्यात पाळण्यात पाणी गळत होतं, एदमे. पाटीच्या दगडाचं छप्पर झालं की पोरगी कोरड्यात वाढेल. एक-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे.”

एदमेने सासूकडे पाहिले. “आई, तुम्ही गेला होतात. तुम्ही सांगा. जाऊ?”

त्या घराच्या दगडी भिंती आणि मागचे शेत रेनच्या दुधाचे होते. पंचवीस-एक वर्षांपूर्वी तिने एका वकिलाच्या मुलाला पाजले, ते पैसे. बाजारात ती भेटली की लोक कौतुकाने म्हणत, रेनने आपलं घर स्वतः उभं केलं. तव्यावरचे धिरडे करपायला लागले होते. रेनने ते उचलले.

“मी गेले, मेले नाही,” ती म्हणाली.

“आणि वीवाँ?”

चुलीत लाकूड तडकले. वीवाँ म्हणजे लाझारच्या आधीचा. तो पाळण्यात असताना रेन पॅरिसला गेली होती.

“त्याला ताप आला होता,” रेन म्हणाली.

परत आल्यावर तिच्या सासूने तिला नेमके एवढेच सांगितले होते. कधी आला, किती दिवस होता, तो रडला का, हे रेनने कधी विचारले नाही. चर्चमागच्या कुंपणाजवळ सासूने बोट दाखवले ते गवत तिने पाहिले, घरी येऊन शेगडी पेटवली, आणि पुढल्या वर्षी भिंती उभ्या राहिल्या.

तीन दिवसांनी ओदिलची गाडी एदमेला न्यायला आली. गाडीत आधीच दोघी बसल्या होत्या, दोघींच्या शाली छातीवर गच्च ओढलेल्या. सोलांज पिता पिता झोपली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घालून एदमेने हलकेच स्वतःला सोडवून घेतले आणि तिला पाळण्यात ठेवले.

“आई, हिला डावीकडचं आधी लागतं,” ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिचे तिलाच कळले आणि ती तोंडाला शालीचे टोक लावून बाहेर धावली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत ओदिल मोठमोठ्याने गात होती. ती नेहमीच गात असे, म्हणजे पाळण्यातले रडणे ऐकू येत नसे.

जाताना ओदिलने एक भेट ठेवली होती. चपटी काचेची बाटली, तिला हातभर लांब रबरी नळी आणि टोकाला बोंडी. पाळण्यात बाटली ठेवली, नळी पोराच्या तोंडात दिली, की बाई गुरांकडे, शेतात, कुठेही जायला मोकळी. वाडीतल्या सगळ्या आज्या ती बाटली वापरत आणि देवाचे आभार मानत. रेनने गाईचे दूध त्यात ओतले. सोलांजने पहिल्यांदा बोंडी थुंकली, दुसऱ्यांदा थुंकली, आणि भूक अनावर झाल्यावर ओढायला लागली.

मे महिन्यात लाझार बैल घेऊन गेला. जून तापला. रेनने बाटली उकळली, बोंडी घासली. पण नळीच्या आत काही हात जात नव्हता. नाकाशी धरली की आंबूस वास यायचा. पोरीला पातळ जुलाब सुरू झाले. रेनने तांदळाची पेज पाजून पाहिली, दुधात चुन्याचे पाणी घातले, शेजारच्या वाडीतल्या संताच्या झऱ्यावर जाऊन लंगोट भिजवून आणले. दोन दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. मांड्यांची कातडी सैल पडली. रडण्याचा आवाज आधी मोठा होता, मग किरकिरा झाला, मग सोलांजने रडणेच कमी केले. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहायची, म्हाताऱ्या माणसासारखी.

“पोर छान आहे ना, रेनकाकू?” पाणवठ्यावर बायका विचारत.

“छान आहे.”

त्या बायकाही हेच उत्तर देत आल्या होत्या, म्हणून पुढे कोणी विचारत नसे.

ओदिल पॅरिसला निघाली की निरोप मागायला थांबायची. रेन एकदा चाचरत म्हणाली, “पोर जरा उतरलीय म्हणून सांग.”

“वेडी आहेस का? बाई रडली की दूध फाटतं. मग ते लोक तिला हाकलतील आणि छप्पर राहील अर्धवट. मी सांगते, गुबगुबीत झालीय, दात येताहेत.”

“चार महिन्यांच्या पोरीला दात?”

“बरं, मग हसते म्हणून सांगते,” ओदिल म्हणाली आणि लगाम ओढला.

जुलैमध्ये बेनिन्य सुतार छपराच्या कामाला आला. एका बाजूचे गवत उतरले, तिकडून आभाळ दिसायला लागले. बेनिन्य दिवसभर पट्ट्या कापायचा, वर चढून ठोकायचा. कापून उरलेले आखूड फळकुटांचे तुकडे त्याने भिंतीला नीट रचून ठेवले होते. एका दुपारी दूध तापवायला लाकूड कमी पडले, म्हणून रेनने त्यातले दोन उचलले.

“वहिनी, ते नका जाळू,” बेनिन्य वरून म्हणाला. “तेवढे राहू द्या.”

“एवढ्याशा तुकड्यांचं काय करणार तू?”

“उन्हाळ्यात लागतात.”

तो सहज बोलून गेला होता. मग उघड्या छपरातून त्याची नजर खाली पाळण्यावर गेली आणि त्याने झटकन तोंड फिरवून हातोडा उचलला. नुसतेच ठोकत राहिला. खिळा कुठे होता देव जाणे.

रेन फळकूट हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने ते छातीशी धरले होते, आणि पोर धरायला हात जेवढा वाकतो तेवढ्यातच ते बसले होते. बेनिन्य सुतार बापापासून तोच धंदा करीत होता. म्हणजे वीवाँच्या वेळीही कुठल्या तरी घराचे छप्पर चालले असेल, त्याच्या बापाने लहानग्या शवपेटीसाठी असेच तुकडे बाजूला ठेवले असतील. त्याला किती लागले असतील? इतकी वर्षे जे विचारले नव्हते त्याचे उत्तर तिच्या हातात होते. वीवाँला ताप आला नव्हता.

तिने फळकूट पुन्हा ढिगावर ठेवले. पाळण्यातली बाटली, नळी, बोंडी, सगळे उचलून मागच्या उकिरड्यावर नेऊन आपटले. काळा झगा चढवला, सोलांजला लोकरी शालीत गुंडाळले, उकळलेल्या पाण्याची कुपी आणि साखर पिशवीत टाकली.

“बेनिन्य, दोन दिवस गाईकडे बघशील?”

“कुठं निघालात?”

“पॅरिसला.”

“छप्पर उघडं आहे, वहिनी! पाऊस आला म्हणजे?”

“घर भिजेल,” रेन म्हणाली आणि बाहेर पडली.

खालच्या गावातल्या स्टेशनात ती कशी पोचली तिचे तिलाच कळले नाही. गाडीच्या डब्यात बसल्यावर ती चमच्याने साखरपाणी पोरीच्या ओठांत सोडत राहिली. अर्धे हनुवटीवरून ओघळे. समोर एक भाजीवाली आपल्या पोराला पाजत बसली होती. ती बराच वेळ बघत होती. शेवटी तिने आपले पोर शेजारी निजवले आणि काही न विचारता हात पुढे केले.

“द्या इकडे. आई मेली का हिची?”

“नाही. पॅरिसला आहे.”

भाजीवालीने रेनच्या टोपीकडे पाहिले, मोर्वांची टोपी सगळ्यांना ठाऊक होती, आणि मग तिने आणखी काही विचारले नाही. सोलांजने चार-दोन घोट घेतले आणि तिचा श्वास जरा सरळ झाला. भाजीवाली उतरून गेल्यावर रेनच्या लक्षात आले, तिचे आभार मानायचे राहिलेच.

मोन्सो बागेपाशी झाडांखाली दाया बसल्या होत्या, रेनच्या वेळी बसत तशाच. टाचांपर्यंत लोळणाऱ्या रुंद फिती, झालरीच्या टोप्या, मांडीवर लेसमध्ये गुंडाळलेली गुटगुटीत मुले. अर्ध्याअधिक तरी आपल्याच डोंगरातल्या असतील. एकेकीसमोर थांबून तुझे मूल कुठे आहे म्हणून विचारावे असे रेनला वाटले, पण तिने विचारले नाही, कारण उत्तर तिला पाठ होते.

रेशमाच्या व्यापाऱ्यांचे घर विचारत विचारत शोधून, नोकरांच्या जिन्याने ती स्वयंपाकघरात शिरली. स्वयंपाकीण चांगली होती. तिने बसायला दिले, पण मान हलवली. “दाईच्या माणसांना वर सोडायचा हुकूम नाही, आजी. दूध बिघडतं म्हणे.”

“मला ठाऊक आहे,” रेन म्हणाली. “मीही कधी बिघडू दिलं नाही. बोलव तिला.”

एदमेऐवजी बाईसाहेब खाली आल्या. वयाने एदमेएवढ्याच असतील. आवाज मऊ, चेहरा दमलेला. “एदमेची अजिबात काळजी करू नका, आजी. आम्ही तिला फार जपतो...” बोलता बोलता त्यांनी शालीत डोकावले आणि हात तोंडावर गेला. “अरे देवा!”

“हिला आईचं दूध हवंय,” रेन म्हणाली. “दुसरं काही नको.”

बाईसाहेबांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. त्यांनी थैलीतून एक नोट काढली. “हे घ्या, चांगल्या डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा. पण एदमेला हिला अशी बघू देऊ नका, मी पाया पडते तुमच्या. तिचं दूध गेलं तर माझ्या गास्तोंचं काय होईल? फार नाजूक आहे हो तो.”

रेनचा हात पुढे झाला. आयुष्यभर या घरांतून देतील ते घ्यायची सवय झालेला तो हात होता. तेवढ्यात सोलांज रडली. रडणे कसले, मांजराच्या पिल्लाने क्षीण म्याव करावे तसा एक आवाज. पण वरच्या मजल्यावर दार उघडले आणि जिन्यावर पावले वाजली.

रेनने क्षणभर सुनेला ओळखले नाही. फिकट निळा झगा, पाठीवर फिती, गाल भरलेले, कडेवर टपोरा गास्तों. झग्याच्या पुढच्या बाजूला दुधाचे दोन ओले डाग पसरत चालले होते.

“कोण रडलं?” एदमेने विचारले. मग सासूला पाहून तिचा चेहरा उजळला. “आई! तुम्ही? सोलांजला आणलंत?” ती धावत पुढे आली, शालीत बघितले आणि थबकली. “हे कुणाचं मूल आहे?”

रेनने शालीचे टोक मागे सारले.

“आई, कुणाचं मूल घेऊन आलात तुम्ही?”

रेनने पोरीचे डोके हलकेच वळवले. कानामागचा तपकिरी तीळ दिसला.

एदमे ओरडली नाही. तिने गास्तोंला त्याच्या आईच्या हातांत दिले. कसे धरावे ते त्या बाईला धड कळेना, तरी तिने धरले. मग कोळशाच्या पेटीवर बसून एदमेने झग्याची बटणे तोडली. सोलांजचे ओठ हललेच नाहीत. एदमेने बोटाने दाबून एक थेंब तिच्या जिभेवर पाडला, मग दुसरा. पोरीच्या घशाची हालचाल झाली. पुन्हा झाली. मग तिने ओढायला सुरुवात केली, दुबळेपणी, थांबत थांबत, पण डोळे मिटून.

“एदमे, वर चल,” बाईसाहेब हळूच म्हणाल्या. “गास्तोंची वेळ झालीय.”

“दोघांनाही पाजते, बाईसाहेब. मला खूप दूध आहे. एका बाजूला तो, एका बाजूला ही. हिला इथं राहू द्या. मी जमिनीवर निजेन.”

बाईसाहेबांचे तोंड उघडले होते. कोण जाणे, त्या हो म्हणाल्या असत्या. पण जिन्याच्या वरून त्यांच्या सासूचा आवाज आला. थोरल्या बाई खाली उतरल्याही नाहीत.

“आपण अर्ध्या दुधाचे पैसे देत नाही. आणि त्या आजारी पोरीच्या तोंडचं आमच्या मुलाला? तिला सांग, एक तर ते मूल जाईल, नाही तर ती.”

एदमेने टोपीच्या टाचण्या काढायला सुरुवात केली.

“आणि माझ्या बाळानं काय प्यायचं?” बाईसाहेब रडकुंडीला आल्या.

“त्याची आई घरातच आहे, बाईसाहेब.”

हे ती टोचून बोलली नव्हती. तिला खरेच तसे वाटले होते. पण ती तरुण बाई भिंतीला टेकली. “मला दूध येत होतं,” ती रेनकडे बघून पुटपुटली, जणू या घरात हे सांगायला दुसरे कोणी नव्हते. “तिसऱ्या दिवशी छाती पट्ट्यांनी आवळून बांधली माझी. आपल्याकडे कोणी पाजत नाही म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही.”

“तार करा मोर्वांला,” वरून आवाज आला. “दोन दिवसांत दुसरी येईल. तोवर गाढविणीचं दूध मागवा.”

एदमेने निळा झगा काढून घडी घातली. जाताना तिने गास्तोंच्या टाळूवर ओठ टेकले, आणि त्या पोरासाठीही ती रडली, कारण त्याचा यात काही दोष नव्हता.

परतीच्या गाडीत सासू-सुना समोरासमोर बसल्या. सोलांज पीत होती, झोपत होती, पुन्हा पीत होती. एकदा एदमेने खिडकीबाहेर बघत विचारले, “तुम्ही निरोप पाठवायचात, ती हसते म्हणून. हसायची का हो?”

“नाही.”

एदमेने मान हलवली. तिने सासूला क्षमा केली की नाही, हे रेनला त्या दिवशी कळले नाही, आणि खरे सांगायचे तर पुढेही कधी कळले नाही. ती घरात राहिली, खांद्याला खांदा लावून राबली, पण सोलांजला तिने वर्षभर आजीजवळ एकटी ठेवली नाही. पोर जगली. चालायला फार उशिरा लागली. हिवाळ्यात लाझार आला, अर्धे छप्पर पाटीचे आणि अर्धे पुन्हा गवताने शाकारलेले बघून भडकला, तेव्हा रेनने त्याला हाताला धरून चर्चमागच्या कुंपणाशी नेले आणि गवताची जागा दाखवली. पण हे सगळे नंतरचे.

त्या दिवशी गाडी खालच्या गावात थांबली तेव्हा पलीकडच्या फलाटावर ओदिल उभी होती. तिच्याजवळ एक पोरसवदा मुलगी, नवे बूट, हातात गाठोडे, शाल छातीवर गच्च ओढलेली. मागे तिचा नवरा टोपी हातात फिरवत उभा होता. तार पोचली होती.

रेन सुनेच्या कुशीतून सोलांजला घेऊन रूळ ओलांडून गेली.

“रेन, बाजूला हो. आमची गाडी येतेय,” ओदिल म्हणाली.

रेनने तिच्याकडे पाहिलेही नाही. मुलीच्या हातातले गाठोडे खाली ठेवून तिने सोलांजला त्या हातांत दिले. “धर जरा.”

मुलीने धरले. सवयीने तिचे हात जड वजनासाठी तयार झाले होते. ते वर उडाले. “केवढी आहे ही?”

“चार महिने संपले.”

“माझा महिन्याचा आहे. हिच्यापेक्षा जड आहे.” मुलीचा आवाज बदलला. “हिला काय झालंय?”

“काही नाही झालं. हिची आई पॅरिसला होती. तू चाललीस त्याच घरात.”

“ऐकू नकोस तिचं,” ओदिल पुढे झाली. “तुझी सासू प्रेमळ आहे, मूल नीट सांभाळेल.”

“मीही प्रेमळच होते,” रेन म्हणाली.

गाडी आली. नवऱ्याने बायकोचा दंड धरला, ओदिलने गाठोडे उचलले. मुलीने सोलांजला रेनच्या हातांत परत दिले. ती चढली. तिच्या मागे नवरा होता, पुढे नेणारी होती, आणि ती स्वतः सतरा-अठरा वर्षांची होती. तिने कशाच्या जोरावर नाही म्हणायचे? डबा हलला तेव्हा रेन बाजूने चालायला लागली.

“मूल कुठल्या वाडीत आहे? पोरी, वाडीचं नाव सांग!”

मुलीने खिडकीतून ओरडून सांगितले. ओदिलने खिडकी ओढून बंद केली.

ती वाडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होती, घराच्या अगदी उलट दिशेला. रेनचे पाय सुजले होते. “चालशील?” तिने सुनेला विचारले. एदमेने सोलांजला शालीने अंगाशी बांधले आणि पुढे झाली.

ऊन कलले होते. त्या मुलीचे घर नवे होते, पाटीचे छप्पर चकाकत होते. आतून मुलाचे रडणे ऐकू येत होते, अजून मोठे, अजून रागावलेले, अजून जोर असलेले रडणे. रेनने दार वाजवले. तिच्याच वयाच्या एका बाईने उघडले. तिच्या हातात बाटली होती, लांब नळीची, नवी कोरी.

“काय पाहिजे?”

“माझ्या सुनेला दूध आहे. आज ती तुझ्या नातवाला पाजेल, उद्याही पाजेल. तोवर तू तुझ्या सुनेला परत बोलाव.”

“तुम्ही कोण सांगणाऱ्या?” म्हातारीने दार लोटायला घेतले. “आमचं आम्ही बघू. मूल छान आहे.”

रेनने उंबऱ्यावर पाय ठेवला.

“मी एक पुरलाय, बाई,” ती म्हणाली. “ही दुसरी पुरायला निघाले होते. तुझं घर कुणाच्या दुधाचं आहे ते मी विचारत नाही. तुझा कोण गेला तेही विचारत नाही. मला फक्त आत येऊ दे.”

आत मूल रडतच होते. म्हातारी रेनच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, कोणाचे तरी नाव घेतल्यासारखे. मग तिने बाटली पाठीमागे लपवली आणि दारातून बाजूला सरली.